शेख आजोबा पुन्हा लिहायला बसले

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी भर दुपारची आहे.

गाव शिंगेती, मॉरिटानियाच्या वाळवंटातलं. जुलै महिना, खजुराचा हंगाम संपत आलेला. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंही सावली सोडत नाही.

मी सिदाती. आमच्या घरात एक दगडी खोली आहे. तिच्यात शेख आजोबांचा ग्रंथ असायचा. शेख आजोबा म्हणजे आमचे सहाशे वर्षांपूर्वीचे मूळपुरुष. दगड कसे घडतात, वारे कुठून उठतात, माणसाचा आत्मा पाच इंद्रियांतून जग कसं ओळखतो... सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

दुष्काळात आमच्या लोकांनी उंट विकले, पण ग्रंथ घराबाहेर गेला नाही. वडिलांनी मरताना थोरल्या भावाकडून, यस्लिमदादाकडून, तसा शब्दच घेतला होता. खोलीची एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

महिनाभर मी खजुराच्या बागेत होतो. ज्या दिवशी परतलो त्याच दुपारी...

कर्र... कर्र... कर्र...

कागदावर बोरू चालल्याचा आवाज. त्या खोलीतून.

"दादा लिहायला बसलाय वाटतं," मी म्हणालो.

माझी बायको तेकबेर चहा ओतत होती. ती हसली. "तुझा दादा आणि लिहिणार? आधी त्या नव्या गाडीवरून उतरू दे त्याला! सकाळीच अतार शहराला गेलाय."

मी उठून पाहिलं.

खोलीला बाहेरून कुलूप होतं.

दाराला कान लावला... आवाज थांबला.

उंदीर असेल म्हणून परत आलो. चहाचा घोट घेतला.

"साखर विसरलीस."

"चांगले चार खडे घातलेत. जीभ बागेत विसरून आलास काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच आवाज. त्या दिवशी मांसातलं मीठ लागेना.

तिसऱ्या दिवशी मी काय खातोय तेच कळेना. तोंडात नुसती वाळू फिरवल्यासारखं.

चौथ्या दिवशी आवाज सुरू असतानाच मी किल्ली फिरवली.

आत कुणी नव्हतं.

घडवंचीवर ग्रंथ. तेच बकऱ्याच्या चामड्याचं वेष्टन. खोलीत मात्र ओल्या शाईचा वास... कोळशाचा आणि डिंकाचा.

मी वेष्टन सोडलं.

आतली पानं कोरी होती.

बाजारातला पांढरा कागद. सरळ कापलेल्या कडा. एक पान उलटलं, कोरं. दुसरं, कोरं. पन्नास पानं कोरी.

आणि मग... चार पानं भरलेली.

ते अक्षर मी डोळे मिटूनही ओळखेन. लहानपणी तेच गिरवत शिकलो. शेख आजोबांचं अक्षर. मथळा होता, 'जिभेविषयी'. शेवटची ओळ ओली होती. माझ्या बोटाला लागली.

पुढच्या पानावर फक्त मथळा होता.

'नाकाविषयी.'

संध्याकाळी दादा गाडीतून उतरला तसा मी त्याला गाठला.

"ग्रंथ कुठाय?"

"हळू बोल."

"दादा, ग्रंथ कुठाय?"

"दिला." त्यानं डोक्यावरचा फेटा सोडून झटकला. "राजधानीत एका मोठ्या माणसाच्या संग्रहात आहे. काचेच्या कपाटात. इथं वाळवीनं खाल्ला असता. ही गाडी काय फुकट आली?"

"बाबांना शब्द दिला होतास तू."

"म्हणून तर!" तो चक्क हसला. "मी शब्द दिला होता, मग मी कसा देणार? देणगीच्या कागदावर तुझं नाव घातलंय. 'मी सिदाती, स्वखुशीनं देत आहे.' तू कुठं शब्द दिला होतास? कुणाचं पाप नाही, कुणाचा ताप नाही."

लहानपणी याच भावाच्या पाठीवर बसून मी विहिरीवर जायचो.

मी त्याला ती चार पानं दाखवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"उद्या दुपारी त्या खोलीत उभा राहा," मी म्हणालो. "एकदा खरं बोल. आजोबांना कळू दे कुणी केलं ते. मला दुसरं काही नको."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येतो रे. भाऊ आहेस माझा."

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं टाकून मी खोलीत बसून राहिलो.

ऊन डोक्यावर आलं. दादा नाही.

शेवटी तेकबेर उंबऱ्यात आली. "पहाटेच गेला रे तो. बायको, बिछाने, भांडीकुंडी... सगळं गाडीत घालून."

मी वेष्टनाकडे वळून ओरडलो, "मी नाही दिला! ऐकताय ना? मी नाही!"



मग वेष्टनाच्या आत...

कर्र... कर्र... कर्र...

नेहमीपेक्षा भराभर. रागानं लिहावं तसं.

अंगणात कोळशावर पुदिना उकळत होता. तो वास मला शेवटचा आला.

राजधानीला मी तीन पत्रं धाडली. उत्तर एकच... कागदावर तुमचंच नाव आहे. दादाचा फोन बंद. राजधानीतच तो मजेत आहे म्हणतात. जेवणाची चव घेतो, अत्तर लावतो.

आम्ही खोलीचं दार मातीनं लिंपून टाकलं. तरी रोज दुपारी आवाज चालूच. अकरा महिने.

गेल्या शुक्रवारी तो थांबला.

मी अल्लाचे आभार मानले. तीन दिवस गाढ झोपलो. वाटलं, आजोबांना कळलं शेवटी.

काल दुपारी तेकबेरनं चहाचा पेला खाली ठेवला आणि लिंपलेल्या दाराकडे पाहिलं.

"सिदाती, आज किती जोरात चाललंय रे आत..."

मी कान दिला. बाहेर वारा होता, तो ऐकू येत होता. खोलीतून...

काहीच नाही.

मी तिच्याकडे वळलो. ती अजून बोलत होती. शेवटचे दोन शब्द, 'ऐकतोयस ना?', मला तिच्या ओठांवरूनच कळले.