सतरावा आक्षेप

आचार्य थिएरीला त्या सकाळी मिळायचं होतं ते एवढं: पॅरिसच्या विद्यापीठातली धर्मशास्त्राची खुर्ची, आणि चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पोथ्या समजावून सांगत बसण्यातून सुटका. अट एकच. कालच्या वादसभेत त्याच्या सिद्धान्तावर आलेल्या प्रत्येक आक्षेपाला आज उत्तर द्यायचं. एक जरी राहिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

गवत अंथरलेल्या फरशीवर विद्यार्थी खोकत, कुजबुजत बसले होते. थिएरीने सोळा आक्षेप निकालात काढले आणि तो खुर्चीकडे वळला.

"सतरावा राहिला, आचार्य," लेखनिक ड्रोगो म्हणाला.

"सोळाच होते. मला काय मोजता येत नाही?"

"टिपण माझं आहे. मागच्या खांबापाशी कुणीतरी उभं राहून विचारला."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"तोंड दिसलं नाही. आवाज मात्र तुमच्यासारखा होता." ड्रोगोने वाचून दाखवलं. "उत्तर देणारा हा माणूस थिएरी नव्हे."

कुणी हसलं नाही. थिएरीला त्याचंच नवल वाटलं.

"मी थिएरीच आहे! आचार्य गोबेर, रोज माझ्या शेजारी बसून जेवता तुम्ही!"

अध्यक्षस्थानी बसलेल्या म्हाताऱ्या गोबेरांनी डोळे मिटले. "जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून पुढे करतोयस, बाबा. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं करत नाहीत."

"मग साक्षीदार बोलवा."

"वादसभेत साक्षीदार? हा काय बाजार आहे?"

थिएरीचे कान तापले. असल्याच काथ्याकुटात त्याच्या डोक्यावरचे केस गेले होते. मागे खांबापाशी अंधूक होतं. उभ्या माणसाने पाय बदलावा तसं तिथलं गवत सळसळलं.

मग त्याने तेच केलं जे अडलेला कुठलाही आचार्य करत असे: सिद्धान्ताला धक्का न लावणारा आक्षेप मान्य करून मोकळं व्हायचं.

"मान्य! नाही मी थिएरी. सिद्धान्ताचं त्यात काय बिघडतं?"

"काहीच नाही." गोबेर प्रसन्न झाले. "सिद्धान्त टिकला. खुर्ची थिएरीची."

आचार्यमंडळी हात पसरून पुढे आली. त्याच्या अंगावरून गेली. खांबापाशी थांबली.

"अभिनंदन, थिएरी!"

"आभारी आहे," त्याचाच आवाज म्हणाला.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

सिद्धान्त विद्यापीठाच्या पदरात पडला, खुर्ची थिएरीच्या. राहिली होती ती हजेरी. ड्रोगो बोट दाखवत एकेक डोकं मोजू लागला. बोट त्याच्यापर्यंत आलं आणि न थांबता पुढे सरकलं.

आकडा बरोबर जुळला.