विरोधी बाजूचा एक संदर्भ

परत आलेल्या पुस्तकाच्या कडेवरून तरुण ग्रंथपालाने अंगठा फिरवला, आणि तो समोरच्या विद्यार्थिनीकडे पाहतच राहिला.

"वाचलंत?"

"हो तर. विचार जुनाट आहेत, पण मांडणी बरी."

"कमाल आहे. याची पानं अजून कापलेलीच नाहीत."

त्याने पुस्तक उघडून दाखवले. जुन्या बांधणीत दुमडलेल्या कागदांच्या कडा जोडलेल्याच राहत. पहिल्या वाचकाने त्या सुरीने कापायच्या. या पुस्तकाला पहिला वाचक लाभलाच नव्हता.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 'वाचनालयात मौनाची सक्ती नसावी' असा तिच्या निबंधाचा विषय होता, आणि त्याआधी सटीप संदर्भसूची द्यायची होती: लेखक काय म्हणतो, त्याच्यावर कितपत विसंबावे, आणि आपल्याला त्याचा उपयोग काय, हे प्रत्येक पुस्तकाखाली लिहायचे. निदान एक संदर्भ विरोधी बाजूचा हवा. न वाचता टीप लिहिल्याचे आढळले, तर अख्खा निबंध बाद, हा मॅडमचा नियम. आणि सूचीची मुदत आज पाचपर्यंतची. अकरा पुस्तके तिने खरोखरच वाचली होती. बाराव्याचे केवळ नाव वाचले, 'वाचनालयातील मौन', आणि बिचाऱ्या लेखकाला शत्रुपक्षात बसवून ती मोकळी झाली.

"उंटावरून शेळ्या हाकल्यात म्हणा की," तो म्हणाला.

"सांगणार मॅडमना?"

"छे. सहा वर्षं मलाच उत्सुकता आहे, आत काय असेल याची. पण पहिल्या वाचकाचा मान आपणहून कसा घ्यायचा...?"

घड्याळात दोनचे ठोके पडत असताना दोघे मागच्या खोलीत, दुरुस्तीच्या टेबलाशी बसले. त्याने पान धरायचे, तिने बोथट सुरी चालवायची, आणि मोकळे झालेले पान दोघांनी वाचायचे. कागदाची बारीक धूळ उन्हात तरंगत होती. भांड्यातल्या खळीला आंबूस वास येत होता. एकदा तिचे मनगट त्याच्या बोटांना लागले. कोणीच माफी मागितली नाही.

"सावकाश... कागद आहे तो, भोपळा नव्हे."

"अरे वा, तुम्ही बोलता! मला वाटलं, तुम्हाला भिंतीवरच टांगलंय."

"ताईपण हेच म्हणते. घरातसुद्धा मी 'शांतता राखा'ची पाटी."

तेविसाव्या पानावर लेखकाने लिहिले होते: 'ज्या वाचकास शेजाऱ्याचे घोरणे चालते, परंतु प्रश्न चालत नाही, त्यास ग्रंथ नको, गादी हवी.' ती खळखळून हसली. त्याने पान अधिकच घट्ट धरले.

शेवटच्या प्रकरणाशी मात्र तिचे हसू मावळले.

"अहो, हा तर माझ्याच बाजूचा निघाला! साडेतीन वाजले. आता विरोधक कुठून आणू?" तिची नजर त्याच्यावर स्थिरावली. "तुम्ही! मौन सक्तीचं असावं, असंच मत ना तुमचं? मुलाखतही संदर्भ धरतात."

"लिहून घ्या, मग. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. ज्याचा आवाज मोठा, त्याचं घर. इथे आलो, आणि पहिल्यांदा माझा विचार शेवटपर्यंत पोचला. बोलायला सारं जग पडलंय. लाजऱ्या माणसाला एवढी एक खोली राहू द्या."

तिने आक्षेप घेतले, त्याने ते खोडले. तिने नवे घेतले. हा युक्तिवाद तिला मोडता येईना... आणि नवल हे, की मोडावासाही वाटेना.

पावणेपाचला तिने सारे वाचून दाखवले. "बरोबर?"

"एक दुरुस्ती. 'आज दुपारी दोन वाजेपर्यंतचे मत', असं घाला."

"का?"

"संदर्भ खोटा ठरू नये."

"असं काय झालं दोननंतर?"

"तुम्ही तेविसाव्या पानावर हसलात. मोठ्यानं. मी गप्प करायला हवं होतं तुम्हाला."

"मग?"

"मग..." तो खळीच्या भांड्याकडे पाहत म्हणाला, "पुढच्या पानावरही विनोद असू दे, अशी प्रार्थना करत बसलो."

तिने पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"पाचला थोडीच मिनिटं आहेत," तो म्हणाला. "पळा!"

मॅडमनी सूची शांतपणे वाचली. जुन्या पुस्तकाखाली तिने लिहिले होते: 'शीर्षकावरून विरोधी समजले होते. वाचल्यावर चूक उमगली.' मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. शेवटच्या नोंदीवर मात्र त्या वरच थांबल्या.

"'दोन वाजेपर्यंतचे मत'? हा काय प्रकार? आणि दोननंतरचं?"

"ते... नीटसं विचारायचं राहिलं, मॅडम."

मॅडमनी सही केली, सूची गठ्ठ्यावर ठेवली आणि चष्मा काढला.

"मग इथे काय उभी आहेस?"