उलटा कल

मार्तंडराव वकिलांना अख्ख्या अलिबागेत एकही माणूस अकलेचा वाटत नसे. बायको श्यामला कन्याशाळेत गणित शिकवायची, तीसुद्धा नाही. दर रविवारी दोघं फियाटमधून रेवदंड्याच्या वाडीत जात आणि चौल सोडल्यावरच्या डाव्या वळणावर गाडी हमखास डावीकडे झुकत असे.

"वळण डावीकडे, मग गाडी उजवीकडे कलायला हवी ना?" श्यामला एकदा म्हणाली.

"फळ्यावर शिकव ते. रस्ता बांधणारे गाढव, दुसरं काय!"

वळणावर सुकटीची पाटी घेऊन नीराबाई एस.टी.ची वाट पाहत बसलेली असे. एकदा गाडी वळणावर मंदावली तेव्हा तिनं वाकून आत पाहिलं. "बाय, मागं पावनी कोन हायत?"

मार्तंडरावांनी काच वर केली. "दुपारी बाराला ताडी!"

पण कल त्यांना खुपत होता. त्यांनी मुंबईहून जाड स्टॅबिलायझर मागवला. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी ती पोलादी कांब. एक बाजू दबली की दुसरीलाही सोबत ओढते, म्हणून गाडी कलत नाही. काळूराम मेकॅनिकनं ती बसवली, आणि बसवेपर्यंत साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या रविवारी भर उन्हात ते वळणावर आले. गाडी कलली नाही.

"बघितलंस? अक्कल लागते!"

मग गाडी खचली. सरळ, दोन्ही बाजूंनी. मडगार्ड टायरला घासू लागलं, रबराचा वास सुटला, इंजिन कण्हत बंद पडलं.

दोघं उतरली. गाडी वर आली नाही.

"स्प्रिंगा तुटल्या. तो काळ्या, बिनडोक..." मार्तंडराव बोलत राहिले.

श्यामलानं मागचं दार उघडलं आणि पाहुण्यांसाठी धरावं तसं धरून ठेवलं.

गाडी थोडी उचलली गेली.

मग आणखी थोडी.

बराच वेळ काहीच नाही. मग एकदम हलकी झाली.

तिनं दार लावलं. "चला."

ती बसली तशी गाडी तिच्या वजनानं जराशी दबली. मग मार्तंडराव बसले. गाडी केसभरही हलली नाही. ते उतरले, पुन्हा बसले, या वेळी जोरात.

"अहो," श्यामला अगदी हळू म्हणाली.

तिनं हात पुढे करून त्यांच्या मांडीखालची गादी चाचपली. ती फुगलेलीच होती; पाहुण्यांबरोबर त्यांचं वजनही उतरून गेलं होतं.