झेंडा वर गेला तेव्हा

"इथे बसलात तरी चालेल… पण मग मॅचला यावं लागेल," तो म्हणाला.

रविवारची दुपार, खराडीतला पब गच्च भरलेला. मैत्रिणीने मला ऐनवेळी टांग दिली होती आणि वेटरने सरळ एका अनोळखी माणसाच्या टेबलाशी नेऊन बसवलं होतं. फिकट पडलेली निळी जर्सी, समोर अर्धी बिअर आणि चेहऱ्यावर अस्सल कसबा पेठी शिष्टपणा. नाव सौमित्र. मीही माझं सांगितलं – कादंबरी.

"कसली मॅच?"

"फुटबॉल. आमच्या पेठेचा क्लब, मैदान मात्र इथे खराडीत. बघायला दहाएक माणसं येतात, त्यातली चार चुकून."

"म्हणजे मी पाचवी?"

"ते तुम्ही ठरवा, कादंबरी."

त्याचा नियम ठरलेला – मॅचआधी एक पब, मॅचनंतर एक, दोन्ही मैदानापासून चालत जाण्याजोगे. मी कोथरूडची, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी उठले. का उठले, ते आजही नीट सांगता येणार नाही.

मैदानावर लाइन्समन आलाच नव्हता. अशा वेळी क्लबच्या माणसांपैकी कोणीतरी झेंडा धरायचा, ही इथली रीत. सौमित्रने तो माझ्या हातात दिला.

"कोणी ऑफसाइड असलं की वर करायचा. सोपं आहे."

अजिबात सोपं नव्हतं! आणि तो स्वतः गेला गोलच्या मागे, बाहेर जाणारे बॉल आणायला.

आज जिंकले नाहीत तर क्लब खालच्या गटात जाणार, एवढं मात्र मला कळलं होतं. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य. आणि सौमित्रने माझ्याकडे बघत हात केला. मला? मी मागे वळून पाहिलं – मागे नुसती भिंत. मलाच! मीही हात वर केला. झेंड्यासकट.

नेमका तेव्हाच आमच्याच क्लबच्या कॅप्टनने, शंभूने, बॉल जाळ्यात मारला होता. रेफरीने माझा झेंडा पाहिला आणि शिट्टी फुंकली. गोल रद्द. क्लब खाली.

दुसरा पब म्हणजे साधी परमिट रूम. शेजारच्या टेबलावर सगळी टीम तोंडं पाडून बसलेली. सौमित्रने मसाला शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

"आपल्याच माणसांविरुद्ध झेंडा दाखवायला धाडस लागतं. मला आवडलं… म्हणजे, तुम्ही आवडलात."

मला रडू यावं की हसू, तेच कळेना. गप्प बसले असते तर सगळं मिळत होतं. पण ते कौतुक माझं नव्हतं.

"सौमित्र, ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून ठाऊक नाही. मी… तुम्हाला हात करत होते."

शेंगदाण्यांकडे निघालेला त्याचा हात थांबला. इतका वेळ थांबला, की मी पर्स उचलली.

"आधी कोणी केला होता?" त्याने विचारलं.

"तुम्ही. बहुतेक… मला अजून खात्री नाही."

"मीच. गोल होत होता आणि मी तुमच्याकडे बघत होतो." त्याने शेजारच्या टेबलाकडे चोरून पाहिलं, आवाज खाली आणला. "शंभूला हे मरेपर्यंत कळता कामा नये."

मी पर्स खाली ठेवली.

"पुढच्या रविवारी प्रॅक्टिस मॅच आहे," तो म्हणाला. "झेंडा मी धरणार."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याकडे बघू नका…" तो पहिल्यांदाच हसला. "निदान बॉल आमच्याकडे असताना."