आठ खडे

हौद भरायला पाच तास लागतात. आमच्या प्रार्थनामंदिरात व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली निळ्या फरश्यांचा हौद आहे, सहा पायऱ्यांचा. वर्षातून दोनतीनदा बाप्तिस्मा असतो. शनिवारी दुपारी बाराला मी नळी सोडते आणि शेजारच्या खोलीत झगे शिवत बसते. झाडलोट माझी, झगेही माझे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

झग्याचं एक असतं. पाण्यात उतरलं की कापड फुगून वर येतं आणि बाईमाणसाची पंचाईत होते. म्हणून खालच्या दुमडीत मी खडे शिवते. प्रत्येकीला चार. कमी नाही, जास्त नाही.

सात वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी मी माझाच झगा शिवत होते. बारा वर्षं इतरांचे झगे वाळत घातले, स्वतः कधी उतरले नव्हते. पाळक सांगायचे, "बाप्तिस्मा म्हणजे आंघोळ नव्हे, बाई. ते मरण आहे, आणि मरून उठणं आहे. पायऱ्या आपण उतरायच्या, पण पाण्याखाली जायचं ते दुसऱ्याच्या हातांवर. स्वतःला सोडून द्यायचं."

सोडून देणं मला येत नव्हतं. कोरड्या जमिनीवर सराव घेतला, तेव्हा मागे झुकवताच मी त्यांच्या बरगडीत कोपर हाणलं. बिचारे छाती चोळत म्हणाले, "पाण्यात मलाच बुडवाल तुम्ही!" सगळे हसले. मी नाही. माझ्या डोळ्यांसमोर धाकटी होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. तिच्या हृदयाची झडप कमजोर. डॉक्टरांनी थंड पाणी बंद केलेलं, आणि हिला बाप्तिस्मा हवा. स्वतःचा झगा तिने स्वतः शिवला. डावखुरी होती, तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे, हजारांत ओळखू यायचे. माझ्या त्या शनिवारच्या काही वर्षं आधी, तिच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मी तो झगा मंदिरातल्या कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला लावली. म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर तू पाण्यात पाय घालणार नाहीस." ती भांडली नाही. "ताई, झगा दे ना गं," एवढंच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती गेली. पाणी न लागताच गेली.

पाळक म्हणाले, स्वर्गाचं दार तुमच्या किल्लीने बंद होत नाही. मी ऐकून घेतलं. किल्ली मात्र कमरेवरच राहिली.

तर त्या दुपारी मी शिवत होते. बाहेर लख्ख ऊन, आत नळीचा आवाज. पाणी वरून पडतं तेव्हा एका सुरात पडतं. मध्येच तो सूर बदलला. धारेखाली कुणी खांदा धरावा, तसा.

मी उठून गेले. मंदिराचं दार आतून बंद. हौद गुडघाभर भरलेला. कोरड्या पायऱ्यांवर ओली पावलं होती, लहान, बाईची. खाली उतरलेली. वर आलेलं एकही नव्हतं. आणि वास... छातीला चोळायच्या मलमाचा. धाकटी रोज चोळायची तोच.

"कोण आहे?" मी दरडावलं. मग हळूच म्हटलं, "धाकटे... तू आहेस का गं?"

नळीचं पाणी थांबलं. नळ चालू होता, तरी थांबलं. दहा श्वास मोजावेत एवढा वेळ. मग पुन्हा वाहू लागलं.

मी कपाट उघडलं. तिचा झगा जागेवर होता, कोरडा. पण खालची दुमड उसवलेली, आणि आतले चारही खडे नाहीत.

कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

रविवारी सकाळी मंडळी गाऊ लागली. मी खोलीत झगा अंगावर घातला, आणि तो पायांवर दाणकन आदळला. चाचपून पाहिलं. आठ खडे. माझे चार माझ्या टाक्यांत. बाकीचे चार... टाके उलटे कललेले.

कात्री हाताशी होती. चार टाके कापायचे, संपलं. मनात आलं, ही मला खाली ओढणार. मग मनात आलं, तिचा हक्क आहे. तिच्या जिवावर मी कुलूप घातलं, आता ती माझ्यावर खडे घालतेय. बाहेर पाळकांनी हाक मारली. मी कात्री खाली ठेवली. धीर नव्हता तो. मूठ आवळून आवळून हात दुखायला लागला होता, एवढंच.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..."

मी कोपर मारलं नाही. मान टाकली. हौद कमरेइतका, पण मी खाली गेले ती जातच राहिले. खडे ओढत होते. पाण्यात मलमाचा वास येत होता. श्वास संपला, आणि मी म्हटलं, घे बाई, तुझीच मी. तेव्हा पाठीखाली दोन हात आले. पाळकांचे नव्हेत. लहान, गार हात. त्यांनी मला वर दिलं.

पाळक कानाशी म्हणाले, "बाई, एवढ्या हलक्या कशा झालात?"

संध्याकाळी हौद रिकामा केला. शेवटच्या पायरीवर चार खडे एका ओळीत. माझ्या झग्यातले उलटे टाके मात्र जसेच्या तसे, एकही तुटलेला नाही.

तेव्हापासून किल्ली कमरेला नाही. कपाट उघडंच असतं.

आज पुन्हा शनिवार आहे. उद्या माझ्या भाचीचा बाप्तिस्मा. धाकटीची एकुलती एक, मीच वाढवली. डॉक्टर म्हणतात, पोरगी आईचंच हृदय घेऊन आलीय. पाळकांनी तिला सगळं समजावलं, थांबायलाही सांगितलं. ती म्हणते, "मावशी, मी स्वतःला देऊन टाकलंय. आता तू धरून ठेवू नकोस."

दुपारी तिच्या झग्यात मी चार खडे शिवले. आत्ता मोजले, तर आठ आहेत. पोरगी उजव्या हाताची. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही तिला.

मला वर देणारे हात होते, हे मला ठाऊक आहे. पण पोरीला ते वर देतील, की आई लेकीला जवळ ठेवून घेईल?

कात्री मांडीवर आहे. नळीचा सूर आत्ताच बदलला. भाची दारात येऊन उभी आहे, पाय कोरडे, केस कोरडे.

"मावशी," ती म्हणतेय, "पायऱ्यांवर तू गेली होतीस का? ओल्या पावलांनी कुणीतरी वर आलंय..."