चिनी मातीचं हसू

दवाखान्याच्या बाकावर दोघं बसली होती, आणि दोघांचीही तोंडं झाकलेली होती. तिच्या तोंडावर पदर, त्याच्या तोंडावर रुमाल.

"दुखते काय?" त्यानं रुमालातून विचारलं.

"नाही," ती पदरातून म्हणाली. "तुमचं?"

"माझंही नाही."

दुखत नसताना दोन माणसं सीताबर्डीच्या दाताच्या दवाखान्यात तोंड झाकून काय करतात, हा प्रश्न दोघांनाही पडला. पण विचारला कुणीच नाही. मग त्यानं डिसेंबरच्या थंडीबद्दल काहीतरी सांगितलं, तिनं 'हो ना' म्हटलं. तेवढ्या 'हो ना'साठी त्यानं थंडीबद्दल आणखी तीन गोष्टी सांगितल्या. रुमालाच्या वरचे त्याचे डोळे फार हसरे होते… ते आपल्या लक्षात राहिले, याचा तिला घरी गेल्यावर रागच आला.

तिचं नाव प्रेमिला. जरीपटक्याच्या एका शाळेत ती पहिलीच्या मुलांना शिकवायची आणि शोभामावशीकडे राहायची. तिचं गाव भिवापूरच्या पलीकडे. गावातल्या विहिरीचं पाणी प्यायला गोड. पण त्या पाण्यावर वाढलेल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग उमटत, आणि ते कशानंही निघत नसत. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण सगळ्यांचेच दात तसे. नागपूरला आल्यावर मात्र प्रेमिला ओठ मिटून हसायला शिकली. एकदा वर्गातल्या एका चिमुरडीनं अगदी काळजीनं विचारलं होतं, बाई, तुमच्याकडे दंतमंजन नाही का? त्या दिवशी बाईंनी उरलेली कविता फळ्याकडे तोंड करून शिकवली.

लग्नाची दोन स्थळं येऊन गेली होती. मुलगी गुणी आहे, कळवतो, असं म्हणून पाहुणे गेले ते गेलेच. आता संक्रांतीनंतर वर्ध्याचा बँकेतला मुलगा पाहायला येणार होता, आणि शोभामावशीनं या खेपेला धोका पत्करायचा नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी उपाय सांगितला. समोरचे सहा दात यंत्रानं घासून बारीक करायचे आणि त्यांवर चिनी मातीच्या टोप्या बसवायच्या. सगळं समजावून झाल्यावर ते म्हणाले होते, "दात मजबूत आहेत तुमचे, कीड नाही. म्हणून नीट विचार करा. घासलेला दात पुन्हा वाढत नाही."

ते वाक्य तिच्या मनातून जाईना. शिकवताना, भाजी निवडताना तिची जीभ आपोआप एकेका दातावरून फिरायची, जणू निरोप घेत असल्यासारखी. नाही केलं तर हेही स्थळ जाईल. केलं, आणि नाही आवडलं, तर? मावशीला विचारावं तर ती म्हणे, "यात विचारायचं काय हाय वं? चांगलंच दिसन."

दुसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा तो नुकताच आतल्या खोलीतून बाहेर पडत होता. आज रुमाल नव्हता. तो तिच्याकडे पाहून हसला – आणि तिचा जीव खट्टू झाला. इतके पांढरे दात तिनं कधी पाहिले नव्हते. तिनं पदर आणखी वर ओढला. त्याचं काम झालं होतं, तरी तो पुन्हा बाकावर बसला. सिमेंट सुकेपर्यंत बसावं लागते, असं त्यानं तिला सांगितलं. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

मावशी तिला सोडून कापडाच्या दुकानात गेली होती. डॉक्टरांनी प्रेमिलाच्या हातात एक पट्टी दिली. तिला पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत निरनिराळ्या छटांचे छोटे नमुन्याचे दात लावलेले होते. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, ते म्हणाले. बाहेर गॅलरीत उन्हात जा, आणि कुणाला तरी पट्टी दाताजवळ धरून बघायला सांगा.

कुणाला तरी… बाकावर तो एकटाच होता.

गॅलरीत तिनं पदर खाली केला. ओठ उघडायला मात्र धीर होईना. तो पट्टी धरून उभा राहिला. घाई केली नाही. शेवटी तिनं डोळे मिटले आणि दात दाखवले. खालून रिक्षांच्या घंट्या ऐकू येत होत्या. आता तो 'कळवतो' म्हणेल, असं तिला वाटलं.

"यातला एकही जुळत नाही," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. "पट्टी उलटी धरलीय तुम्ही."

तो लाजला. पट्टी सुलटी करता करता त्यानं सगळं सांगून टाकलं. तो गुणवंत भोयर, उमरेडकडचा. त्याच्याही गावच्या पाण्यानं दात तसेच रंगवलेले. शिलाई मशीनच्या दुकानात विक्रेता व्हायचं म्हणून सहा टोप्या बसवल्या. फुटाणे खाताना एक फुटली, म्हणून मागच्या खेपेला रुमाल. मग तिनंही वर्ध्याच्या स्थळाचं सांगितलं.

"पस्तावता?" तिनं विचारलं. उत्तर काय येतं याची तिला धास्ती वाटत होती.

"नाही. खोटं काहून बोलू? नोकरी लागली यायच्यानं. पण डॉक्टर म्हणून राहिले होते, थोडा पिवळसर घ्या. अन् मी म्हटलं, सगळ्यात पांढरा द्या. जन्मभर डाग पाह्यलेला माणूस दुसरं काय मागणार? आता गिऱ्हाईक मशीन पाहत नाही, माझे दातच पाहते. घरी गेलो, तं मायनं पाहुण्यासारखं वाढलं." त्यानं पट्टी खाली केली. "तुम्ही ज्याच्यासाठी घासून राहिल्या, त्याले पाह्यलं तरी काय तुम्ही?"

"नाही," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात मावशी पिशव्या सांभाळत वर आली, आणि डॉक्टरांनी विचारलं, कोणता रंग ठरला? मावशीनं ठरवलेल्या गोष्टीला तिच्यासमोर नाही म्हणणं प्रेमिलाला कधी जमलं नव्हतं.

"आज नको, डॉक्टर. मला अजून विचार करायचा आहे."

डॉक्टर म्हणाले, करा की, दात कुठं पळून जात नाहीत. मावशीचा मात्र पारा चढला. आता पाहुण्याइले काय तोंड दाखवाचं वं, असं पुटपुटत ती रिक्षा पाहायला खाली गेली.

जिन्याच्या तोंडाशी तो उभा होता. "वर्धेवाल्याइचं नाही जमलं तं… माय यायले तयार आहे. मी मागच्या हप्त्यातच सांगून ठेवलं तिले."

"माझं तोंडही न पाहता?"

"डोळे तं पाह्यले होते." तो हसला नाही. पहिल्यांदाच त्याचा चेहरा काळजीत दिसला. "पण जमलं त्याइचं, तं?"

"जमणार नाही."

"काहून?"

शाळेची, शहराची भाषा तिच्या जिभेवरून केव्हा उतरली, तिचं तिलाही कळलं नाही.

"मी हासणार आहो ना त्याइच्यासमोर," ती म्हणाली, "चांगलं सगळे दात दाखवून."