यादीतलं अकरावं

सरका जरा पुढं. ही गोष्ट माझ्या भाच्याची, भारतची. वायरमन हाय तो, भुताखेतांवर त्याचा कदी विश्वास न्हवता.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. संध्याकाळी साडेसातला होटगी रोडवरनं दानेश्वरी अक्कांचा फोन आला. गेटचा दिवा मोबाईलवरनं लागंना. अक्का बंगल्यात एकट्याच. नवरा, शिवयोगी मास्तर, वारून दोन वर्षं झालेली. रोज कपाळाला तीन बोटं विभूती ओढायचे. लेक परदेशात. तिनंच भारतकडनं हे वायरलेस दिवे, बटणं बसवून घेतलेली. मोजून दहा नग.

त्याचं कसं असतं, गेटचा दिवा लांब. त्याचा निरोप हॉलमधल्या मुख्य डब्यापर्यंत थेट पोचत न्हाय. मग मधला दिवा तो घेतो न् पुढं देतो. विहिरीवरनं हातोहात घागरी द्याव्यात, तसं.

भारत पोचला तर गेटचा दिवा लागलेला. बरं झालं म्हणाला. पण व्हरांड्यातला दिवा उडाला होता. म्हणजे मधला हातच तुटलेला की. मग गेटचा निरोप घेतला कुणी?

त्यानं मोबाईलवर यादी उघडली.

अकरा नग.

अकराव्याला नाव न्हवतं. गेटचा निरोप त्याच्याकडनंच येत होता. मोबाईल धरून भारत घरभर फिरला. मास्तरांच्या बंद खोलीशी रेंज भरली. दार उघडलं. एक पलंग, एक खुर्ची. भिंतीला बटण न्हाय, वरती दिवा न्हाय.

भिंतीत कुठं दडलेलं असंल म्हणून त्यानं घराची मेन पाडली. मुख्य डबा तेवढा बॅटरीवर. अंधारात यादीतली नावं विझू लागली. नऊ... पाच... दोन...

एक राहिलं.

अकरावं.

ते काढून टाकायला त्यानं बोट उचललं. मागनं, अंधारातनं, अक्का हळू बोलल्या.

"काढू नकोस, भारत."

त्यानं बोट मागं घेतलं.

"दिवसभर मी बोलत असते. या घरात ओ देणारं तेवढंच एक आहे."

भारतनं मोबाईल खिशात घातला. मेन चढवली, व्हरांड्यातला दिवा बदलला, गाडीला किक मारली. मागं बघितलं न्हाय.

घरी बायकोनं, ऋतुजानं, दार उघडलं. त्याच्याकडं बघतच राहिली. कुठल्या मठात गेला होता, म्हणून विचारलं.

तो आरशापुढं गेला.

आमच्यात भंडारा लावतात, पोरांनो. विभूती न्हाय.

त्याच्या कपाळावर विभूती होती. तीन बोटांची.

ओली.